तेल खाणारे आणि त्यांना श्वास पुरवणारे

एक ग्रॅम कच्चं तेल पूर्ण कुजून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायचं असेल, तर सुमारे साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. तेलातल्या साखळ्यांमध्ये ढोबळ मानाने एका कार्बनमागे दोन हायड्रोजन असतात. अशा १४ ग्रॅम ऐवजाला जाळायला ४८ ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो, मग ते जाळणं चुलीत होवो की जीवाणूच्या पोटात. आता उष्ण समुद्राचं पाणी घ्या. त्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम सहा-साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एक ग्रॅम तेलासाठी पाचशेहून जास्त लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन हवा. एक लिटर तेल सांडलं तर हाच आकडा चार लाख लिटरच्या पुढे जातो.

उघड्या समुद्रात हे निभावून जातं. लाटा फुटतात, वारा पाणी ढवळतो, खर्च झालेला ऑक्सिजन हवेतून भरून निघतो. पण तेल खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांत किंवा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट किनाऱ्यावर आलं की गणित बिघडतं. चिखलात काही मिलिमीटर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथे अडकलेलं तेल वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं तसंच राहतं. तेल खाणारे जीवाणू तिथे नसतात असं नाही. ते असतात, पण त्यांना श्वास घेता येत नाही.

सूक्ष्म शेवाळाचा विचार इथून सुरू करायला हवा. ‘तेल खाणारं शेवाळ सापडलं’ अशा बातम्या अधूनमधून येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, तवंगावर हिरवी पूड टाकली की काम झालं. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. शेवाळ क्वचितच तेल खातं. बहुतेक वेळा ते तेल खाणाऱ्यांना जगवतं. हा फरक समजला नाही तर पैसे आणि किनारा दोन्ही वाया जातात, म्हणून तो जरा सावकाश उलगडून पाहू.

आधी तेलाकडे. कच्चं तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे, हजारो पदार्थांचं मिश्रण. त्यात सरळ साखळ्या असतात, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात. बेंझिनसारखी एकेरी कडी असते, नॅप्थलीनसारख्या दोन जोडलेल्या कड्या असतात, फेनान्थ्रीनच्या तीन, बेंझोपायरीनच्या पाच. तळाशी रेझिन आणि अस्फाल्टीन हा जड, चिकट, डांबरी भाग. तेल पाण्यावर पसरलं की पहिल्या काही दिवसांत हलका भाग उडून जातो. हलक्या प्रतीच्या तेलाचा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त हिस्सा असा हवेत जाऊ शकतो. उन्हाने काही रेणू बदलतात. लाटांनी तेल आणि पाणी घुसळून चॉकलेटी रंगाचा घट्ट लगदा होतो आणि त्याचं आकारमान मूळ तेलाच्या कितीतरी पट भरतं. यातून जे उरतं ते सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येतं.

सूक्ष्मजीव ते फोडतात कसं? सरळ साखळी सर्वांत सोपी. जीवाणूचं एन्झाइम साखळीच्या टोकाच्या कार्बनवर ऑक्सिजनचा एक अणू बसवतं. त्यातून अल्कोहोल तयार होतं, मग आल्डिहाइड, मग फॅटी ॲसिड. पुढे दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत साखळी संपवली जाते. आपलं शरीर खाल्लेलं तूप ज्या मार्गाने पचवतं तोच हा मार्ग. कडी फोडणं अवघड. तिथे जीवाणू ऑक्सिजनचे दोन्ही अणू एकदम कडीवर बसवतो, तिचं कॅटेकोल होतं आणि मग ती उघडते. या दोन्ही वाटांवर ऑक्सिजन फक्त श्वासासाठी लागत नाही, तर पहिला घाव घालण्यासाठीही तोच लागतो. ऑक्सिजनशिवाय तेल फोडणारे जीवाणू आहेत, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आणि फार संथ आहेत.

तेलावरच जगणारे जीवाणूही आहेत. अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस या जीवाणूची शास्त्रीय नोंद १९९८ साली झाली. स्वच्छ समुद्रात तो शोधूनही मुश्किलीने सापडतो, पण तेल आलं की काही दिवसांत तिथल्या जीवाणूंमध्ये त्याची बहुसंख्या होते. मात्र तेलात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन-फॉस्फरस जवळजवळ नाहीच. शंभर भाग कार्बन पचवायचा तर दहा भाग नायट्रोजन आणि एक भाग फॉस्फरस लागतो असा सर्वसाधारण अंदाज धरतात. अलास्कात १९८९ साली ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे जहाज फुटलं तेव्हा तिथल्या खडकाळ किनाऱ्यांवर चक्क खत फवारण्यात आलं होतं. तिथे नवे जीवाणू आणून सोडण्यापेक्षा मूळच्याच जीवाणूंना खत देणं जास्त उपयोगी पडलं. जे आधीपासून तिथे आहे त्याची अडचण ओळखा आणि ती दूर करा, ही या क्षेत्रातली शहाणपणाची रीत तेव्हापासून पक्की झाली.

मग शेवाळ स्वतः काहीच करत नाही का? करतं. १९७५ साली अमेरिकेत वॉकर, कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटोथेका झॉफी नावाचं शेवाळ कच्चं तेल फोडतं असं दाखवलं. यातल्या रीटा कोलवेल म्हणजे पुढे कॉलऱ्याच्या जीवाणूवरच्या संशोधनासाठी जगभर ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञ. पण प्रोटोथेका हे अजब शेवाळ आहे. त्यात हरितद्रव्य नाही. उत्क्रांतीच्या ओघात ते गमावून हा जीव बुरशीसारखा बाहेरच्या अन्नावर जगतो, म्हणूनच त्याला तेलही अन्न म्हणून चालतं. शिवाय प्रोटोथेकाच्या जाती गाई-म्हशींच्या कासेला सूज आणणारा, सहसा औषधाला दाद न देणारा आजार घडवतात. असला जीव कुणी किनाऱ्यावर सोडावा असं मला तरी वाटत नाही.

उन्हावर जगणाऱ्या शेवाळांची गोष्ट वेगळी. १९७९-८० च्या सुमारास सर्निग्लिया, गिब्सन आणि व्हॅन बालेन यांनी नील-हरित आणि हिरव्या, दोन्ही प्रकारच्या बऱ्याच शेवाळांना नॅप्थलीन देऊन पाहिलं. त्यांनी ते थोडंसं बदललं. त्यावर ऑक्सिजन बसवून नॅफ्थॉलसारखे पदार्थ तयार केले. सेलेनास्ट्रम या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळाने तर पाच कड्यांच्या बेंझोपायरीनवर ऑक्सिजनचे दोन अणू बसवले आणि तेही जीवाणूंच्या धाटणीने. ऑक्रोमोनास डॅनिका हे सोनेरी शेवाळ फिनॉलची कडी फोडतं हेही दाखवलं गेलं आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे सगळं मोलाचं आहे. पण यातला बराचसा भाग विष निवळवण्याचा आहे, पोट भरण्याचा नव्हे. नको असलेल्या रेणूवर ऑक्सिजन बसवला की तो पाण्यात जास्त विरघळतो आणि पेशीबाहेर टाकता येतो, एवढाच त्यामागचा हेतू. शेवाळाचं पोट उन्हावर भरतं. तेलातून कार्बन मिळवण्याची त्याला निकड नाही. उलट हलकी सुगंधी हायड्रोकार्बनं जास्त झाली तर ती त्याच्या पेशीच्या पातळ आवरणात घुसून त्यालाच मारतात.

शेवाळाचं खरं काम दिसलं ते पर्शियन आखातात. १९९१ च्या जानेवारीत, आखाती युद्ध चालू असताना, कुवेतच्या मिना अल अहमदी भागातून समुद्रात प्रचंड तेल सोडलं गेलं. अंदाज वेगवेगळे आहेत, पण लाखो पिंपं तेल पाण्यात गेलं याबद्दल वाद नाही. वारा आणि प्रवाह यांनी ते दक्षिणेकडे ढकललं आणि सौदी अरेबियाचा सुमारे सातशे किलोमीटर किनारा, अबू अली बेटाच्या परिसरापर्यंत, काळा झाला. कोकणातल्या कितीतरी घरांचं कुवेतकडे लक्ष लागलेलं असतानाचा तो काळ. युद्धाच्या बातम्यांमध्ये किनाऱ्याची गोष्ट आपल्याकडे फारशी पोचली नाही.

वर्षभराच्या आत त्या काळ्या किनाऱ्यावर लोकांना हिरवे-निळे थर दिसू लागले. १९९२ साली कुवेत विद्यापीठातले सोर्खोह, अल-हसन आणि रादवान आणि जर्मनीचे थॉमस होपनर यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटं पत्र छापलं. त्याचं शीर्षकच आखात स्वतःला स्वच्छ करतंय अशा अर्थाचं होतं. तेलावर वाढलेले हे थर नील-हरित शेवाळांचे होते. काटेकोर वर्गीकरणात हे शेवाळ जीवाणूंच्याच कुळातलं, पण प्रकाशसंश्लेषण करतं म्हणून जुन्या परंपरेने आपण त्याला शेवाळ म्हणतो. या थरांच्या चिकट द्रवात तेल खाणारे जीवाणू लाखोंच्या संख्येने अडकून बसलेले सापडले. भरतीचं पाणी त्यांना वाहून नेऊ शकत नव्हतं.

हा थर जवळून पाहण्यासारखा आहे. धारदार पात्याने त्याचा काप घेतला तर वरचे एक-दोन मिलिमीटर गडद निळसर हिरवे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे मायक्रोकोलियससारख्या शेवाळाचे तंतू दिसतात, एकाच पारदर्शक आवरणात कित्येक तंतू गच्च बांधलेले. त्याखाली गुलाबी-जांभळी रेघ असते, गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंची. त्याखाली सगळं काळं, आणि नाकाशी धरलं तर सडक्या अंड्याचा वास. या साऱ्याची जाडी आपल्या बोटाच्या पेराएवढीही नसते.

केसाहून बारीक टोकाचा ऑक्सिजन मोजणारा काटा या थरात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने खाली सरकवत नेला, तर दिवसभरातला बदल कळतो. भर दुपारी वरच्या हिरव्या पट्ट्यात ऑक्सिजन एवढा साठतो की हवेशी समतोल असलेल्या पाण्याच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त भरतो. थरावर बारीक बुडबुडे दिसतात. सूर्य मावळला की काही मिनिटांत तो संपतो आणि रात्रभर थराच्या पृष्ठभागापर्यंत ऑक्सिजनचा पत्ता नसतो. खालचा हायड्रोजन सल्फाइड वर सरकतो. सकाळ झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेल खाणाऱ्या जीवाणूंचा दिवस म्हणजे हे दुपारचे काही तास. सुरुवातीला मांडलेला पाचशे लिटर पाण्याचा हिशेब इथे बदलतो, कारण ऑक्सिजन दुरून यावा लागत नाही. तो जीवाणूच्या शेजारी, मिलिमीटरच्या काही शतांश अंतरावर तयार होतो. बदल्यात जीवाणू तेल जाळून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि शेवाळ तो उचलतं. थरातले काही सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजनही बांधतात, म्हणजे खताचा प्रश्नही थोडाफार तिथल्या तिथे सुटतो.

एवढं सगळं जुळून आल्यावर कुवेतमधल्या संशोधकांना वाटलं की नील-हरित शेवाळही तेल फोडत असावं. पुढे त्यांनी तसं दाखवणारे निष्कर्षही छापले. इथेच या विषयातली सर्वांत कठीण गाठ आहे: तेल कोणी खाल्लं हे ठरवायचं कसं?

एक साधा प्रयोग मांडून पाहू. काचेच्या चंबूत खनिजं घातलेलं पाणी, त्यात मोजून तेल, त्यात शेवाळ, वर दिवा. तीन आठवड्यांनी तेल मोजलं आणि ते निम्मं झालेलं निघालं. यावरून काय कळतं? जवळजवळ काहीच नाही. काही तेल उडून गेलं असेल, म्हणून शेवाळ न घातलेला एक चंबू शेजारी हवा. काही तेल शेवाळाच्या पेशींना नुसतं चिकटलं असेल, म्हणून उष्णतेने मारलेलं शेवाळ घातलेला दुसरा चंबू हवा. काही रेणू दिव्याच्या प्रकाशानेच बदलले असतील, म्हणून एक चंबू अंधारात हवा. या विषयातल्या कितीतरी निबंधांत मेलेल्या शेवाळाचा चंबूच नसतो आणि मग चिकटणं हे फोडणं म्हणून मोजलं जातं. ८० टक्के, ९० टक्के असे आकडे वाचले की मी आधी हा चंबू शोधतो.

तेल कमी झालं यापेक्षा त्यातलं काय कमी झालं हे विचारणं जास्त उपयोगी. वायू-वर्णलेखन यंत्रातून, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफमधून तेल सोडलं की त्यातला एकेक घटक वेगळ्या वेळी बाहेर येतो आणि कागदावर एकेक सुळका उमटतो. सतरा कार्बनची सरळ साखळी आणि प्रिस्टेन नावाची फांद्यांची साखळी यांचे सुळके शेजारी-शेजारी येतात. दोघं उडून जातात ते साधारण सारख्याच वेगाने, पण जीवाणू सरळ साखळी आधी संपवतात. सरळ साखळीचा सुळका प्रिस्टेनच्या तुलनेत बुटका झाला की समजावं, इथे कोणीतरी जेवलंय. त्याहून टिकाऊ खूण म्हणजे होपेन: प्राचीन जीवाणूंच्या आवरणातून तेलात आलेला हा रेणू फोडायला फार जड जातो, म्हणून त्याला स्थिर धरून बाकीच्यांची घट मोजतात. जाता जाता सांगायचं तर प्रिस्टेन हा बहुतांशी प्राचीन शेवाळांच्या हरितद्रव्याच्या शेपटीपासून तयार झालेला आहे. आखातातलं तेल हे मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म शेवाळांचंच.

यानंतर उरतो अखेरचा संशयित: शेवाळाच्या चिकट आवरणात लपलेला जीवाणू. शेवाळाची निव्वळ शुद्ध पैदास, म्हणजे एकही जीवाणू सोबत नसलेली, तयार करणं हे महिनोन् महिने चालणारं काम आहे. प्रतिजैविकं वापरतात, वारंवार धुतात. तंतू असलेल्या नील-हरित शेवाळाची एक खोड इथे कामाला येते: ते प्रकाशाकडे सरपटतं. आगारच्या बशीच्या एका टोकाला ते ठेवून दुसऱ्या टोकाकडून उजेड दिला, तर तंतू सरपटत जातात आणि जीवाणू मागे राहतात. पुढच्या टोकाचा तुकडा उचलायचा आणि पुन्हा तेच करायचं. अशा शुद्ध केलेल्या तंतूंना तेल दिल्यावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून चित्र स्पष्ट झालं. जीवाणूंसोबत असलेलं शेवाळ तेल फोडतं असं दिसतं; एकटं शेवाळ जवळजवळ फोडत नाही; आणि त्यातून वेगळे काढलेले जीवाणू मात्र फोडतात. श्रेय कोणाला द्यायचं एवढ्यापुरती ही बाब नाही. शेवाळ हा यातला ऑक्सिजनचा पुरवठादार आहे हे कळलं की त्याला काय लागतं हेही कळतं: उजेड, उथळ पाणी आणि ज्यांना श्वास पुरवायचा ते शेजारी.

आखातातल्या गोष्टीला पुढे दुसरी बाजूही निघाली. त्या किनाऱ्यावर शेवाळ एवढं माजलं कशामुळे? ते खाणारे शंखातले प्राणी आणि बिळं करणारे खेकडे तेलाने मेले होते, म्हणून. चरणारं कोणी नाही आणि थर वाढत गेले. काही ठिकाणी ते उन्हात वाळले, तडकले आणि पापडासारखे कडांनी वळले. खालचा तेलकट वाळूचा पातळ थर घेऊन उचकटले आणि भरतीबरोबर गेले. तिथे खरोखर स्वच्छता झाली. पण जिथे ते ओलसर आणि अखंड राहिले तिथे त्यांनी किनाऱ्याला झाकण घातलं. वरच्या दोन मिलिमीटरांत ऑक्सिजन, खाली काळोख आणि तेल. हॅन्स-यॉर्ग बार्ट यांनी सौदी किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलींत दहा-एक वर्षांनंतरही हे पाहिलं: अखंड थरावर खेकड्यांना परत वस्ती करता येत नव्हती, आणि खेकड्यांच्या बिळांशिवाय खालच्या मातीत हवा जात नव्हती. खेकड्याचं बीळ मातीत वीतभर आणि त्याहूनही खोल ऑक्सिजन नेतं. शेवाळाची झेप तेवढी नाही.

म्हणून शेवाळाचा वापर करायचाच तर तो जिथे खोली, उजेड आणि वस्ती आपल्या हातात आहे तिथे करावा. अशी जागा म्हणजे सांडपाण्याचे उथळ तलाव. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात घरगुती सांडपाण्यासाठी हे तलाव उभे केले. तीसेक सेंटिमीटर खोल पाणी, शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल मार्ग आणि पाणी फिरतं ठेवणारं एक संथ चाक. शेवाळ ऑक्सिजन देतं, जीवाणू घाण फोडतात. नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पात हवा फुंकण्यावरच जवळपास निम्मी वीज जाते. इथे ते काम ऊन करतं.

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या पाण्याला हीच रीत लावता येते आणि तिचा एक जास्तीचा फायदा आहे. बेंझिन, टोल्युइन असलेल्या पाण्यात जोराने हवा फुंकली तर हे पदार्थ फुटण्याआधीच उडून हवेत जातात. पाणी स्वच्छ दिसतं आणि प्रदूषण आजूबाजूच्या वस्तीच्या नाकात जातं. शेवाळाचा ऑक्सिजन पाण्यातच विरघळलेला जन्मतो, फुंकावा लागत नाही. २००३ साली छापलेल्या एका प्रयोगात क्लोरेला सोरोकिनियाना हे हिरवं शेवाळ आणि वेगवेगळे जीवाणू बंद बाटल्यांत एकत्र ठेवले होते, बाहेरची हवा न देता. सॅलिसिलेट, फिनॉल आणि फेनान्थ्रीन भरपूर फुटलं ते दोघं एकत्र आणि दिवा चालू असतानाच. एकटं शेवाळ किंवा एकटे जीवाणू फारच मागे पडले.

अडचणीही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मोकळं तेल आधी वेगळं काढावंच लागतं, नाहीतर तवंग उजेड अडवतो. फिनॉलचं प्रमाण जास्त असेल तर सर्वांत आधी शेवाळ मरतं, कारण या जोडीत तेच नाजूक आहे. म्हणून येणारं पाणी सौम्य करून, हळूहळू सवय लावत सोडतात. शेवाळ फार दाट झालं तर वरचं खालच्यावर सावली धरतं. दुपारी ते कार्बन डायऑक्साइड एवढा खेचतं की पाणी आम्लारीकडे झुकून सामू दहाच्या आसपास जातो आणि पाण्यातल्या अमोनियाचं विषारी रूप वाढतं. रात्री ते स्वतःच ऑक्सिजन खातं. जागाही भरपूर लागते. आणि शेवटी हाती येतो तो हिरवा गाळ खत म्हणून शेतात किंवा चारा म्हणून गोठ्यात जाता कामा नये, कारण न फुटलेली चार-पाच कड्यांची हायड्रोकार्बनं त्यालाच चिकटलेली असतात.

आपल्या किनाऱ्याचं काय? ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे आठशे टन तेल सांडलं आणि उरण, एलिफंटा, अलिबाग परिसरातल्या किनाऱ्यांवर आणि तिवरांत पोचलं. भर पावसाळा, ढगाळ आकाश, गाळाने लाल झालेलं पाणी. अशा पाण्यात उजेड फार खोल जात नाही. तिथे शेवाळ सोडून तेल संपवण्याचा विचार निरर्थक ठरला असता. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी येणारे टारबॉल ही त्याहून वेगळी गोष्ट. समुद्रात हलका भाग उडून गेलेला, उरलेलं डांबर घट्ट गोळा झालेलं. त्यांच्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाला आहे. पण गोळ्याच्या आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, आणि ते फावड्याने उचलण्यापेक्षा स्वस्त आणि जलद उपाय आज तरी नाही.

शिवडी-माहुलच्या चिखलावर मात्र हा सगळा विचार लागू पडतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर सोनेरी तपकिरी झाक येते. ते डायटम, काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. उजेडाला ते चिखलातून वर सरकतं आणि भरती यायच्या आधी खाली जातं. याच चिखलात फ्लेमिंगो चोच उलटी करून चरतात, आणि हाकेच्या अंतरावर १९५० च्या दशकापासूनचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. इथलं शेवाळ तेल चिकटवून घेईल तर ते थेट पक्ष्यांच्या पोटात जाईल. म्हणून इथे शेवाळाकडून सफाईची अपेक्षा ठेवण्याआधी तेल किनाऱ्यावर येऊ न देणं महत्त्वाचं. आलंच, तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे उत्साहाने शेकडो माणसं चिखलात उतरवणं. प्रत्येक पाऊल वरचं तेल वीतभर खाली ढकलतं, जिथे ऑक्सिजन नाही. बिळं बुजतात, खेकडे मरतात, डायटमची झाक मोडते. कमी दाबाने समुद्राचंच पाणी सोडून तेल पाण्याच्या कडेला आणायचं आणि तिथून उचलायचं, ही पद्धत संथ असली तरी चिखलासाठी तीच बरी. अलास्कासारखं खत टाकण्याची गरजही इथे सहसा नाही. शहराच्या सांडपाण्यातून खाडीत नायट्रोजन गरजेपेक्षा जास्तच येतो. इथे कमी आहे तो ऑक्सिजन.

तो किती कमी आहे हे पाहायला मोठी यंत्रं लागत नाहीत. ओहोटीला कडेवरून, पाय न रोवता, चिखलाचा उभा काप घ्यावा. वरचा तपकिरी पट्टा संपून काळा रंग जिथे सुरू होतो त्याच्या खाली ऑक्सिजन पोचत नाही. ही जाडी फूटपट्टीने मोजून, बिळांची संख्या चौरस मीटरमागे मोजून, तेल येण्याच्या आधीच्या वर्षांत ऋतूनुसार लिहून ठेवलेली असेल, तर तेल आल्यानंतर कुठला तुकडा आपला आपण सावरेल आणि कुठे पाणी खेळतं ठेवायला ओहोटीच्या चरी मोकळ्या करून द्याव्या लागतील, हे पहिल्याच आठवड्यात ठरवता येतं.